बोटीच्या लाकडाला व्हार्निश: कडक बघू नका, लवचिक बघा

नमस्कार मंडळी! "बोटीच्या कठड्याला कुठलं व्हार्निश मारू?" व्हिडिओ इंजिनाचा असो नाहीतर नांगराचा, खाली हा प्रश्न आहेच. आज एकदाचं बोलून टाकतो.

लाकूड घासा, धूळ पुसा. सागवान मुळात तेलकट, ते ॲसिटोनने पुसा आणि लगेच पहिला हात द्या, निम्मं थिनर घालून. हे माहितीये सगळ्यांना. पुढे.

"दादा, फर्निचरचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, जास्त कडक असतं, तेच मारू का?" नका मारू! अहो, लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. वरचा थर कडक असला की तो तडकतो. मग केसाएवढ्या फटीतून पाणी शिरतं, आणि खाली लाकूड काळं पडत जातं.

मी हे करून बसलोय. पहिल्या बोटीला घरात उरलेलं पीयू फासलं. काय चमक होती! एका उन्हाळ्यात उन्हाने पोळलेल्या पाठीसारखी सालं निघाली. पुढचे कित्येक रविवार खरवडण्यात गेले.

बोटीला मारायचं ते स्पार व्हार्निश. नावच बघा ना. स्पार म्हणजे डोलकाठी, परभाण (शिडाची आडवी काठी) वगैरे. शिडात वारा भरला की या काठ्या वाकतात, वरच्या थरानेही वाकायला हवं. म्हणून त्यात तेलाचं प्रमाण जास्त, बऱ्याचदा टंग ऑइल. शिवाय यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, शोषणारी द्रव्यं. डब्यावर यूव्हीचा उल्लेख नसेल तर डबा परत ठेवा. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं, खालचं लाकूड खातं आणि व्हार्निशची पकड सुटते.

एकाने तीन उद्गारचिन्हं टाकून लिहिलंय, "इपॉक्सी मारा, विषय संपला!!!" भाऊ, इपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं रेझिन, त्यालाच ऊन सोसत नाही. त्याच्यावरही यूव्हीवालं व्हार्निश लागतंच.

बोटींसाठीचं दोन डबे मिसळून लावायचं पीयू येतं, ते टिकतं, मान्य. पण सांध्यांपाशी लाकूड हललं की तिथेही तीच रड, आणि एवढासा ओरखडा दुरुस्त करायलाही घासून हात दुखतात. स्पारचं तसं नाही. घासा, हात मारा, झालं.

हात किती? सहा ते आठ. तीनवर थांबून "टिकलं नाही" अशी कमेंट टाकू नका. आणि मॅट हवं असेल तर खालचे सगळे हात ग्लॉसचेच द्या, मॅट फक्त शेवटचा.