बालू: अंगानं भरलेलं अक्षर

पडद्यावर एकच अक्षर आहे: ब. चांगलं गुटगुटीत. जवळून पाहा. गोल पोट, पोटातून गेलेली तिरकी रेघ, आणि त्या रेघेच्या दोन्ही अंगांना उरलेल्या पांढऱ्या फटी. बचं बपण या दोन फटींत आहे. त्या बुजल्या, तर 'बात' की 'वात' हे लांबून कळणार नाही.

हा 'बालू'. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटानं घडवलेला ठळक फॉन्ट. नाव अस्वलाचं, आणि अंगही तसंच: जाड, मऊ, कुठेही न टोचणारं. बोरूनं लिहिलं की रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. बालूनं ते वळण सोडलंय. त्याची रेघ जवळजवळ एकाच जाडीची दिसते.

'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. कॉम्प्युटरवर साध्या अक्षराला नुसतं 'बोल्ड' केलं आणि फॉन्टमध्ये खरं ठळक वळण नसलं, तर अक्षर सगळीकडून सारखंच फुगतं. मग 'सिंहगड'मधला अनुस्वार वेलांटीला चिकटतो. फ्लेक्सवर असे शब्द दिसले की मला खरंच वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं. ठळक अक्षर मुळातूनच ठळक काढावं लागतं. 'महाराष्ट्र'मधला ट्र घ्या. शिरोरेषा, खाली टची वाटी, आणि तिच्याही खाली दोन तिरक्या रेघा. एवढं सगळं जाडजूड मावणार कसं? तिथे रेघ हळूच बारीक करावी लागते, आणि ते वाचणाऱ्याला जाणवू द्यायचं नसतं.

सुरुवातीला बालू एकाच वजनात, म्हणजे रेघेच्या एकाच जाडीत होता. पुढच्या 'बालू 2'मध्ये पाच वजनं आली, साध्यापासून अतिठळकपर्यंत. लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, खाऊचं पाकीट, सरबताच्या गाडीवरची पाटी, व्हिडिओचं शीर्षक, इथे तो शोभतो. सलग मजकुरासाठी त्याचं सर्वांत जाड वजन वापरू नका, डोळे थकतात. श्रद्धांजलीच्या फलकावर तर तो नकोच. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जात नाही. आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो.

परवाना खुला आहे. फॉन्ट फुकट मिळतो आणि धंद्यासाठीही वापरता येतो.

बालूला भावंडंही आहेत, आणि त्यांची नावं मला फार आवडतात. गुजरातीत 'भाई', उर्दूत 'भाईजान', ओडियात 'भाईना', मल्याळममध्ये 'चेट्टन', बंगालीत 'दा', गुरुमुखीत 'पाजी', कन्नडमध्ये 'तम्मा', तेलुगूत 'तम्मुडू', तमिळमध्ये 'तंबी'. प्रत्येक नावाचा अर्थ भाऊ. तेलुगूला शिरोरेषा नाही, तिची वळणं गोल. तरी शेजारी ठेवलं की दोघं एकाच घरातले वाटतात. सोलापुरात, जिथे कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, एखाद्या दुकानाला दोन्ही भाषांत पाटी लावायची असेल, तर वरच्या ओळीत बालू आणि खालच्या ओळीत तम्मुडू. आकार सारखाच ठेवा. कुणीही कुणापुढे बारीक दिसणार नाही.