आज काय सुरू, काय बंद?

(नाशिकमध्ये व्यापारी आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कोरोनाच्या काळात मी शहर आवृत्तीच्या डेस्कवर होतो. संध्याकाळ झाली की टेबलावरचा फोन सुरू व्हायचा आणि बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असायचा, "साहेब, उद्या दुकान उघडायचं का?" रुग्ण किती वाढले हे विचारणारे फार थोडे. दूधवाल्याला सोसायटीत किती वाजेपर्यंत सोडायचं, कामवाल्या ताई आल्या तर वॉचमननं काय करायचं, सातपूरच्या कंपनीत रात्रपाळी आहे की रद्द झाली, लग्नाला माणसं किती चालतील, असे सगळे प्रश्न. साथीच्या काळात शहरानं आपल्या माणसांशी बोलायचं म्हणजे या प्रश्नांना वेळेत उत्तर द्यायचं, असं माझं मत आहे. आपल्याकडे आदेश भरपूर निघाले. उत्तरं मात्र माणसांनी एकमेकांना विचारून मिळवली.

रोज संध्याकाळी जिल्ह्याची आकडेवारी यायची. नाशिक महापालिका क्षेत्र, मालेगाव महापालिका, ग्रामीण, जिल्हाबाह्य, मग तालुकावार यादी: निफाड एवढे, सिन्नर एवढे, बागलाण एवढे. बरे झालेले, उपचार घेत असलेले, दगावलेले. ती चिकाटीनं रोज निघत होती आणि त्यामागे राबणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण इंदिरानगरमधल्या माणसाला 'महापालिका क्षेत्र' या एका आकड्यातून काय कळणार? शहर पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत पसरलेलं, सिडको वेगळं, सातपूर वेगळं. आपल्या भागात वाढतंय की उतरतंय, जवळचं तपासणी केंद्र किती वाजता उघडतं, हे त्या कागदात नसायचं. आकडा वाचून माणूस घाबरायचा किंवा बिनधास्त व्हायचा. दोन्हींचा उपयोग शून्य.

आता आदेशाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. ज्यांनी ते कागद जपून ठेवलेत त्यांनी एकदा काढून पाहावेत. वर कार्यालयाचं नाव, त्याखाली 'वाचले', आणि मग क्रमानं: साथरोग अधिनियम १८९७, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, शासनाचे अमुक दिनांकाचे आदेश, त्याला दिलेली मुदतवाढ, त्या मुदतवाढीचं शुद्धिपत्रक. पहिलं पान तिथेच संपतं. दुसऱ्या पानावर 'ज्याअर्थी' सुरू होतं आणि 'त्याअर्थी'पर्यंत पोचेपर्यंत चहा गार होतो. किराणा दुकान किती वाजता बंद करायचं ते तिसऱ्या पानावर, एका तक्त्याच्या चौथ्या ओळीत. खाली भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ ची तंबी, म्हणजे आदेश मोडला तर शिक्षा, आणि 'पुढील आदेशापर्यंत'. कायद्याच्या दृष्टीनं हे सगळं लागतं, उद्या कोर्टात तोच कागद दाखवावा लागतो, हे मला मान्य आहे. तो कागद कोर्टासाठीच लिहिलेला असतो. त्याच्या जोडीला भद्रकालीतल्या दुकानदारासाठी दुसरा कागद निघायला हवा होता, तो बहुतेक वेळा निघाला नाही. मग आमच्यासारखे लोक रात्री दहा वाजता त्या तीन पानांतून चौकट तयार करत बसायचे. आमची चौकट छापून सकाळी घरी पोचायच्या आत व्हॉट्सअॅपवर पाच वेगवेगळ्या चौकटी फिरलेल्या असायच्या. त्यातली एखादी महिन्यापूर्वीची, कारण फोटो काढताना तारीख कापली गेलेली.

आणि आदेश एकाच्या हातचा नव्हता. दिल्लीहून मार्गदर्शक सूचना, मंत्रालयातून राज्याचा आदेश, मग जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा, शहरापुरता महापालिका आयुक्तांचा, जमावबंदीचा पोलिस आयुक्तांचा. देवळाली कॅम्पात छावणी परिषद. एका पायरीवरून दुसरीवर येताना शब्द बदलायचे. मुंबईत मुख्यमंत्री टीव्हीवर बोलले की लोकांना वाटायचं झालं, लागू. स्थानिक आदेश यायला मात्र एखादा दिवस जायचा. त्या मधल्या दिवसात दंड कोणत्या नियमानं? शेवटी चौकातल्या हवालदाराला जे समजलं असेल तोच आदेश. त्याला तरी दोष काय देणार, त्याच्याही मोबाइलवर तेच तिरकं स्कॅन केलेलं पान.

सम-विषम आठवतंय ना? जून २०२० चं 'मिशन बिगिन अगेन'. रस्त्याच्या एका बाजूची दुकानं सम तारखेला, दुसऱ्या बाजूची विषम तारखेला, नऊ ते पाच. कागदावर झकास. पण ज्यानं हे लिहिलं त्यानं दहीपूल पाहिला नसणार. सराफ बाजार, भांडी बाजार, बोहोरपट्टी, कापड पेठ इथे रस्त्याला दोन बाजू आहेत असं म्हणणंच धाडसाचं. गल्ली वळते, बोळ फुटतो, कोपऱ्यावरच्या दुकानाची एक पायरी इकडे नि एक तिकडे. कुठली बाजू सम हे ठरवून, खुणा करून, यादी लावून मग नियम सांगितला असता तर निम्मे वाद झालेच नसते. काही ठिकाणी व्यापाऱ्यांनीच आपसात बसून यादी केली, आणि तिथे गाडी सुरळीत चालली.

याउलट एक निर्णय सांगतो, ज्याची देशभर चेष्टा झाली. मार्च २०२१ च्या अखेरीस मेनरोड आणि इतर काही बाजारपेठांत शिरायला पाच रुपयांची पावती लावली. एक तास आत, तास ओलांडला तर पाचशे रुपये दंड. "पाच रुपयांत कोरोना पळतो का हो?" हा विनोद तुम्हीही केला असेल, मीही केला. तोंडाशी बॅरिकेड, पावती फाडणारा कर्मचारी, पावतीवर वेळ, आणि साडी बघता बघता घड्याळाकडे लक्ष देणाऱ्या बायका. त्यानं गर्दी किती घटली हा वेगळा विषय. मी फक्त निरोपाबद्दल बोलतोय. तो निर्णय एका ओळीत सांगता येत होता. तासाला पाच, उशीर झाला तर पाचशे. दुपारपर्यंत शहरातल्या रिक्षावाल्यांनासुद्धा तोंडपाठ झाला. आमच्या डेस्कवर त्याबद्दल 'म्हणजे नक्की काय' असं विचारणारा फोन आल्याचं मला आठवत नाही. नियम चांगला होता असं मी म्हणत नाही, पण नियम सांगावा तर असा.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निर्बंध इतक्या वेगानं बदलले की दुकानदाराला माल भरायचा की नाही हेच कळेना. पाच तारखेपासून एक नियमावली, चौदा तारखेच्या रात्री आठपासून दुसरी, आणि वीस तारखेच्या रात्री आठपासून तिसरी, किराणा फक्त सकाळी सात ते अकरा. चार तासांत सगळं शहर एकदम बाहेर. गर्दी टाळायची म्हणून वेळ कमी केली आणि होती ती गर्दी चार तासांत कोंबली, असं तेव्हाही बरेच जण म्हणत होते.

रुग्णालयांच्या माहितीचं तर त्याहून वाईट. खाटांची यादी ऑनलाइन दिसायची. यादीत सहा रिकाम्या, फोन केला तर एकही नाही. लोक म्हणायचे लपवाछपवी आहे. असेलही कुठे. पण मुख्य कारण साधं होतं. रुग्णालय दिवसातून एक-दोनदा आकडा भरणार, आणि एप्रिलमध्ये खाट रिकामी राहायची काही मिनिटं. साधी खाट, ऑक्सिजनची, व्हेंटिलेटरची, सगळी एकाच रांगेत दिसायची, आणि ही माहिती किती वाजताची ते लिहिलेलं नसायचं. 'सकाळी नऊची स्थिती' एवढे तीन शब्द असते तरी माणसानं दुपारी चार वाजता त्या भरवशावर पेशंट गाडीत घातला नसता. रेमडेसिव्हिरसाठी गोळे कॉलनीतल्या औषध बाजारात लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्यात. इंजेक्शन थेट रुग्णालयांना द्यायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर अजून चिठ्ठीच लिहून देत होते आणि नातेवाईक ती चिठ्ठी घेऊन वणवण फिरत होते. ठरवणाऱ्यांकडून डॉक्टरपर्यंतच निरोप नीट गेला नव्हता, मग घरच्यांचं काय.

२१ एप्रिल २०२१ बद्दल मी जास्त बोलणार नाही. डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि बावीस जण गेले. तो विषय सुरक्षेचा आणि जबाबदारीचा आहे, निरोपाचा नाही. त्यावर चटकन एखादं वाक्य टाकून पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

शेतकऱ्याचं एक उदाहरण देतो, कारण शहराच्या सभेत ते राहून जातं. मे २०२१ च्या कडक निर्बंधांत जिल्ह्यातल्या बाजार समित्याही बंद ठेवल्या. आता कळवण-सटाण्याकडचा शेतकरी लासलगावला कांदा आणतो म्हणजे आदल्या दिवशीच ट्रॅक्टरची ट्रॉली भरतो आणि पहाटे चारला निघतो. बंदचा निरोप रात्री नऊला बातमीत आला तर त्याच्यासाठी तो नऊ तास उशिरा आला. कांदा भरून झालेला, मजुरी दिलेली. निरोप कधी निघाला यापेक्षा तो ऐकणारा कामाला कधी लागतो, हे आधी बघायला पाहिजे. भाजीबाजार पहाटेचा, कंपनीची पाळी सातची, सराफाचं दुकान अकराचं. सगळ्यांना रात्री नऊची पत्रकार परिषद कशी पुरणार?

भाषेचंही तसंच. मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून जथेच्या जथे चालत गेले, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशची माणसं. १ मे २०२० ला नाशिकरोडहून भोपाळला श्रमिक गाडी सुटली. नाव कुठे नोंदवायचं, वैद्यकीय दाखला कुणाकडून घ्यायचा हे त्यांना कोण सांगणार? आमचे आदेश शुद्ध सरकारी मराठीत. आपल्यालाच कळत नाही ते, त्यांना काय कळणार! मालेगावात तर तेव्हा साथ सगळ्यात जोरात होती, आणि तिथल्या किती घरांत उर्दूऐवजी मराठी कागद वाचला जातो? तिथे मौलाना, डॉक्टर, मोहल्ल्यातले कार्यकर्ते यांच्या तोंडून गेलेली गोष्टच घरात शिरली. आपल्या शहरात ते काम घंटागाडीनं केलं. ज्या बोळात आमचा पेपर जात नाही तिथेही ती सकाळी जाते, आणि तिचा भोंगा कुणाला टाळता येत नाही. पण तिच्यावर महिनोन्महिने तेच, मास्क लावा, हात धुवा. त्या भोंग्यातून 'आज आपल्या प्रभागात लसीकरण अमुक शाळेत, दहा वाजता' असं सांगता आलं असतं.

एक चांगली गोष्टही नोंदवतो. जून २०२१ मध्ये राज्यानं पाच स्तर केले. बाधितांचं प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा, या दोन आकड्यांवर जिल्हा कुठल्या स्तरात ते ठरणार. पाच टक्क्यांच्या आत आणि पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी खाटा भरलेल्या असतील तर पहिला स्तर, सगळं खुलं. आपण तिसऱ्या स्तरात होतो, दुकानं चारपर्यंत. गुरुवारी आकडे जाहीर होणार आणि सोमवारपासून लागू. व्यापाऱ्याच्या दृष्टीनं या सगळ्या काळातला हा सगळ्यात शहाणा नियम, कारण त्याला गुरुवारी कळत होतं की सोमवारी काय. माल मागवायचा, कामगाराला बोलवायचं, सगळं ठरवता येत होतं. आणि आकडे सुधारले तर आपण वर जाणार, हेही समोर दिसत होतं. तीन आठवडेसुद्धा टिकला नाही तो. २५ जूनला विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीनं आदेश आला की आकडे कितीही चांगले असोत, तिसऱ्या स्तराच्या वर, म्हणजे दुसऱ्या-पहिल्या स्तरात, कुणीही जायचं नाही. भीती रास्त असेल, पण 'तुम्ही नीट वागलात तर उघडू' हा शब्द फिरवला गेला. दुकानं आठपर्यंत उघडायला ऑगस्ट उजाडला. त्या मधल्या काळात अर्धं शटर उघडं ठेवून धंदा करणारे याच सभागृहात बसलेले असतील. मी नावं घेत नाही. (हशा)

साहित्य संमेलनसुद्धा तसंच लटकलं. मार्चमध्ये व्हायचं ते डिसेंबरमध्ये आडगावला झालं. मंडपवाले, केटरर, छापखाने, लॉजवाले, सगळे त्या 'पुढील सूचनेपर्यंत'वर टांगलेले.

आता सिंहस्थ येतोय. साथ असो, पूर असो, पर्वणीच्या दिवशीचे बंद रस्ते असोत, मागणी एकच आहे. कायद्याचा आदेश निघेल तेव्हा त्याच मिनिटाला, त्याच कार्यालयाच्या सहीनं एक पानाचा निरोप निघावा. वर तारीख आणि वेळ, कुठल्या भागाला लागू, कालपेक्षा काय बदललं, आणि हे पुन्हा कधी तपासलं जाणार. शंका असेल तर फोन कुणाला, आणि तो फोन उचलणारा माणूस. जुने निरोप तारखेनुसार एका जागी ठेवावेत. दंडाची पावती घेऊन आज कुणी विचारायला गेला की त्या दिवशी नियम काय होता, तर तो कागद सहज सापडायला हवा.

(श्रोत्यांपैकी एका व्यापारी भगिनींनी विचारलं: "तोपर्यंत आम्ही दुकानाबाहेर काय लिहावं?")

ताई, 'शासनाच्या आदेशानुसार दुकान बंद' असं लिहू नका, त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. उद्या किती वाजता उघडणार ते लिहा, घरपोच देत असाल तर नंबर लिहा आणि खाली आजची तारीख टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी पुसायला कुणाला तरी नेमून ठेवा. आपल्या पेठेत मागच्या लॉकडाउनच्या पाट्या अजून दोन ठिकाणी लटकतायत.