कार्डात भरलेली गाणी

(दृश्य: एस.टी. स्टँडसमोरची मोबाइल दुकानांची रांग, संध्याकाळ)

काचेवर चिकटवलेला कागद वाचा. ‘मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह भरून मिळेल. नवीन मराठी, जुनी हिंदी, भीमगीते, हळदी, डीजे.’ आता घरोघरी इंटरनेट आहे, तरी हे काम थांबलेलं नाही. ट्रॅक्टरच्या टेपला पेन ड्राइव्ह लागतो, रिक्षाला लागतो, वरातीच्या गाडीला तर लागतोच.

दुकानदार कार्ड रीडरमध्ये सरकवतो. फोल्डर उघडतो, सगळी गाणी एकदम निवडतो, कॉपी करतो. हिरवी पट्टी पुढे सरकत राहते. चार जीबीच्या कार्डात सातशे-आठशे गाणी सहज मावतात.

आता पडद्याच्या अगदी जवळ जाऊ. एका गाण्यावर क्लिक करून त्याची माहिती उघडली आहे. गाण्याच्या नावाला गाणी फुकट उतरवू देणाऱ्या एका चोरट्या वेबसाइटचा पत्ता चिकटलेला आहे. कलाकाराच्या रकान्यात वेबसाइट, अल्बमच्या रकान्यात वेबसाइट, चित्राच्या जागी तिचाच शिक्का. गाणं लिहिलं कुणी, चाल कुणाची, त्या जागा कोऱ्या. फोल्डरमागून फोल्डर पाहा, हेच दिसेल.

(दृश्य: फिरणारी तबकडी, सुई, पितळी भोंगा)

गाणं विकत मिळायला लागलं ते तबकडीमुळे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गोहरजान भोंग्यासमोर उभ्या राहून गायल्या. तेव्हाच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. ध्वनिमुद्रण कुणाचं आहे हे तिथल्या कामगारांना कळावं, म्हणून गाणं संपताच त्या मोठ्यानं सांगायच्या, ‘माय नेम इज गोहरजान!’ तो आवाज आजही त्या तबकड्यांवर आहे. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या.

हे पुण्यातल्या एका संग्राहकाचं घर. ते तबकडी कडेनं धरतात, मऊ कापडानं खाचांच्या दिशेनं पुसतात, सुई टेकवतात. शेजारी संगणकावर आवाजाची रेघ उमटत जाते. बालगंधर्वांचं ‘मानापमाना’तलं पद उतरवून घेणं चालू आहे, आणि हे पूर्ण कायदेशीर आहे.

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ‘मानापमान’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. तिन्ही मुदती संपल्या. हे संगीत आता सगळ्यांचं आहे. उतरवा, वाटा, कुणी अडवणार नाही.

पण तबकडी जुनी म्हणून सगळंच मोकळं झालं असं मात्र नाही. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्यात असे वेगवेगळे मालक असतात, हे गाणी भरून देणाऱ्याला आणि भरून घेणाऱ्यालाही सहसा माहीत नसतं.

(दृश्य: दोन खणांचा टेपरेकॉर्डर, बोटं)

मग कॅसेट आली. एका खणात भरलेली, दुसऱ्या खणात कोरी. लाल बटण आणि प्लेचं बटण एकाच वेळी दाबायचं. खटका बसला की अर्ध्या तासात एक बाजू तयार. ऐंशीच्या दशकात चोरट्या कॅसेटचा बाजार याच खटक्यावर उभा राहिला.

कॅसेटनं चांगलंही खूप केलं, ते विसरून चालणार नाही. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं असे शाहीर, भारूडकार, कव्वाल, कोळीगीतं आणि भीमगीतं गाणारे लहान कंपन्यांच्या कॅसेटमधून घराघरांत पोचले. मात्र त्यांच्या गाण्यांचे शब्द लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा एकदाच ठोक रक्कम मिळायची. कागदावर सही झाली की गाणं कंपनीचं.

सिनेमातही तेच होतं. मोबदला देऊन करून घेतलेल्या गाण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर निर्मात्याचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये दिला. गायकांना रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या कमाईतला वाटा हवा, ही मागणी लता मंगेशकरांनी साठच्या दशकातच लावून धरली होती. त्यावरून मोहम्मद रफींशी मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत.

म्हणून ‘पैसे कंपनीलाच जातात, कलाकाराला काय मिळतं?’ हा सवाल एके काळी बिनबुडाचा नव्हता. दुकानात आजही तोच ऐकू येतो. पण मधल्या काळात कायदा बदलला आहे.

(दृश्य: संसद भवन, संग्रहित चित्रण)

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हा राज्यसभेचे सदस्य असलेले गीतकार जावेद अख्तर यांनी त्यासाठी सभागृहात आणि बाहेर जोर लावला. आता सिनेमातलं गाणं चित्रपटगृहाबाहेर जिथे जिथे वापरलं जाईल, तिथल्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा बरोबरीचा वाटा आहे. हा वाटा त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही. तसा करार केला, तरी तो चालत नाही. वारसाला देता येतो किंवा वसुलीसाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेसारख्या संस्थेकडे. फुकट उतरवलेल्या गाण्यात कंपनीबरोबर हा वाटाही बुडतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं चोरटी गाणी देणारी १०४ संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश दिला. नवे पत्ते घेऊन अशी संकेतस्थळं पुन्हा उगवत राहिली.

जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. खासगी वापराची सवलत कायद्यात आहे, पण ती रास्त वापरापुरती. विकत मिळणारं अख्खं गाणं चोरट्या साइटवरून घेणं तिच्यात बसतं असं समजून चालणं धोक्याचं आहे.

(दृश्य: छोटा स्टुडिओ, ढोलकी, माइक)

हा लहानसा स्टुडिओ. भिंतींना फोम, खाली सतरंजी. ढोलकीवाला शाईच्या पुडीवर बोट आपटून कान लावतो, पाना घेऊन एक नट पाव फेरा आवळतो, पुन्हा आपटतो. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. एक तुकडा वाजवतो, हेडफोन काढून मान हलवतो, पुन्हा वाजवतो. काचेपलीकडे गीतकार वही घेऊन बसलाय. अंतऱ्यातला एक शब्द तालात बसत नाही, तो खोडून दुसरा लिहितो. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी दुपार जाते.

वादकाच्या हाती बहुतेक वेळा त्या दिवसाचं मानधनच पडतं. गाण्याचे पैसे परत आले नाहीत तर पुढचं रेकॉर्डिंग लागत नाही, आणि ढोलकीची जागा संगणकातला तयार लूप घेतो.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, कानात इअरफोन)

ॲपवर जाहिरातींसकट फुकट ऐकलं तरी ते ऐकणं मोजलं जातं आणि त्याचा पैसा हिशेबात येतो. पण गावोगावचे हळदीची, वरातीची, जयंतीची गाणी लिहिणारे कवी आयपीआरएसचे सभासद नसतील, तर त्यांच्या वाट्याची वसुली त्यांच्यापर्यंत पोचायची कशी? सभासद व्हा, आपली गाणी नावानिशी नोंदवा, अल्बम काढणाऱ्याकडून लेखी करार मागा.

शिवारात रेंज नसते, ही अडचण खरी आहे. ॲपची वर्गणी भरली की गाणी त्या ॲपमध्येच उतरवून ठेवता येतात. पेन ड्राइव्हवर ती नेता येत नाहीत, त्यामुळे ट्रॅक्टरच्या टेपला मोबाइल ब्लूटूथनं जोडावा लागतो. रेंजबाहेर ऐकलेली गाणी, मोबाइल पुन्हा नेटवर्कमध्ये आला की मोजली जातात.