सेट उघडण्याआधी डमी लोड बनवा! बिटएक्सचा फायनल बदलताना काय बघायचं?

नमस्कार मंडळी! आज टेबलावर बिटएक्स ४० उघडून ठेवलाय, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांचा बोलण्या-ऐकण्याचा छोटा सेट. हैदराबादच्या अशहर फरहान यांचं हे डिझाइन, ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारं. ऐकायला येतंय झकास, पण पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचं बटण, दाबून बोललं की पलीकडच्याला काही म्हणजे काही जात नाही. असा सेट घेऊन आलेल्या माणसाचं वाक्य ठरलेलं असतं: "फायनल उडालाय, तेवढा बदलून द्या की." फायनल म्हणजे अँटेनाकडे पॉवर पाठवणारा शेवटचा ट्रान्झिस्टर. बदलणं काय, सोल्डर काढायचं आणि नवा बसवायचा. पण मी आधी विचारतो, डमी लोड आहे का तुमच्याकडे? नसेल तर तो आधी करूया. नाहीतर नवा फायनलही जुन्याच्या वाटेनं जाणार.

अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओमचा रेझिस्टर म्हणजे डमी लोड. सेटची पॉवर त्यात जिरते आणि त्याची उष्णता होते. सकाळी ४० मीटरवर कोल्हापूर, पुणे, बेंगळुरूची मंडळी गप्पा मारत असतात, त्यांच्या मधे शिट्ट्या वाजवून टेस्टिंग करायचं नाही, हा एक भाग. दुसरा जास्त महागात पडतो. आउटपुटला काहीच न जोडता पीटीटी दाबला तर पॉवर जाणार कुठं? ती परत फिरते, फायनलच्या ड्रेनवर, म्हणजे पॉवर निघते त्या पायावर, व्होल्टेज चढतं आणि तो उडतो. आणि हो, डमी लोड लावला म्हणून ट्रान्समीटर ठेवायला परवाना लागत नाही, असं कुणी समजू नका.

(क्लोज-अप: रेझिस्टर)

हे बघा. १ किलोओम, २ वॅटचे २० रेझिस्टर. तपकिरी, काळा, लाल पट्टे आणि शेवटी सोनेरी. सगळे पॅरलल जोडले की १००० भागिले २०, बरोबर ५० ओम. वॅटेज ४०. बिटएक्सला ७ वॅटच्या आसपास झेपलं तरी पुरतं, म्हणजे हा आरामात पुरून उरतो. दुकानदार ते पांढरे चौकोनी सिमेंटचे रेझिस्टर पुढं करेल, "एकच घ्या, २० कशाला?" म्हणेल. घेऊ नका. त्याच्या पोटात तारेचे वेढे असतात. डीसीला तो ५० ओम दाखवतो, पण ७ मेगाहर्ट्झला ते वेढे कॉइलसारखे वागतात आणि तुमचा ५० ओम ५० राहत नाही. कार्बन फिल्म किंवा मेटल ऑक्साइड मागा.

कॉपर क्लॅडच्या (तांब्याचा थर दिलेल्या सर्किट बोर्डाच्या) दोन चकत्या कापायच्या, कडेनं २०-२० भोकं पाडायची आणि मधे रेझिस्टर उभे करायचे. वरची चकती सॉकेटच्या मधल्या पिनला, खालची बॉडीला. सगळ्या वायरी आखूड. शेवटी मल्टिमीटर लावा. ५ टक्क्यांचे रेझिस्टर सगळे एकाच बाजूला झुकले तरी ५२.५ ओम येतील, म्हणजे एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.०५. त्यासाठी डोकं धरून बसू नका.

याच डमी लोडवर पॉवर मोजायचा एक प्रोबही बसवून टाका. १ एन ३४ किंवा जुन्या रेडिओतला ओए ९१ मिळाला तर उत्तमच, म्हणजे जर्मेनियम डायोड. त्याच्या पुढं ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला आणि तिथून ४.७ मेगाओममधून मल्टिमीटर. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओम असतो, त्यामुळे पीक (सर्वात वरचं) व्होल्टेज मीटरवर आपोआप आरएमएसच्या, म्हणजे पॉवर काढायला लागणाऱ्या आकड्याच्या, जवळपास येतं. आता मीटरवरच्या आकड्याचा वर्ग करा, ५० नं भागा. १८ व्होल्ट दिसले तर साडेसहा वॅट. वॉटमीटर विकत घ्यायची गरज राहिली नाही.

आता सेटकडे. फायनल आहे आयआरएफ ५१०. सप्लाय काढा, काढलेल्या ट्रान्झिस्टरच्या ड्रेन-सोर्सवर डायोड रेंजमध्ये प्रोब लावा. चांगला असेल तर एका बाजूनं अर्ध्या व्होल्टच्या आसपास रीडिंग आणि उलट्या बाजूनं काहीच नाही. हा बघा...

(मीटरचा बीप)

दोन्हीकडून बीप. संपला विषय.

नवा बसवताना घाई नको. त्याची पाठीमागची पत्री म्हणजे ड्रेन, आणि तिथं १२ व्होल्ट असतात. हीटसिंक जर बॉडीला लागलेला असेल तर अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश, दोन्ही हवेत. मीटरनं पत्री ते हीटसिंक बघायचं, बीप आला तर परत उघडा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखाद्या टर्नरच्या ओळखीचे असाल तर अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी मागून घ्या, बाजारातल्या पातळ पत्र्यापेक्षा केव्हाही बरी.

बायसचा, म्हणजे फायनलच्या गेटला (कंट्रोलच्या पायाला) मिळणाऱ्या व्होल्टेजचा प्रीसेट, स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा कंट्रोल, आधी पूर्ण कमी करायचा. बिटएक्स ४० मध्ये फायनलची सप्लाय वेगळी दिलीय, ती तोडून ठेवा, पीटीटी दाबा आणि गेटवर मोजा. २ व्होल्टच्या खाली हवं, कारण हा ट्रान्झिस्टर २ ते ४ व्होल्टच्या मधे कुठं तरी उघडतो आणि प्रत्येक नगाचा आकडा वेगळा. मग फायनलच्या सप्लायमध्ये अ‍ॅमीटर सिरीजला, डमी लोड आउटपुटला. पीटीटी दाबून गप्प बसा. माइकमध्ये आवाज नाही म्हणजे एसएसबीत (हा सेट आवाज पाठवतो त्या पद्धतीत) आउटपुटही नाही. आता प्रीसेट केसभर, केसभर फिरवा. काटा १०० मिलिअँपिअरनं चढला की हात काढा. झटकन फिरवलं तर हा नगही गेला, आणि तसं होताना आवाजसुद्धा येत नाही.

आता शिट्टी मारतो. (शिट्टी) बघा, १७, १८... आलं.

आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात अजून एक गोष्ट आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी वळीव फुटतो, विजा काही सांगून येत नाहीत. ढग दाटले की कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, सेटमधून काढा, खिडकीबाहेर ठेवा आणि सॉकेटला डमी लोड लावून टाका. चुकून कुणी पीटीटी दाबला तरी फायनल शाबूत.

लाइट गेली की बरेच जण सेट थेट इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीला जोडतात. चालतो, पण अंधारात लाल-काळी वायर उलटी लागायला वेळ लागत नाही. प्लसमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज टाका आणि फ्यूजच्या पुढं सेटच्या टर्मिनलवर १ एन ५४०८ डायोड आडवा, पट्टीची बाजू प्लसला. वायर उलटी लागली तर डायोड शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. सेटच्या आत हात घालावा लागत नाही.