अंधारातली वही

(काळोख. कागदावर पेन घासल्याचा आवाज.)

हा आवाज पेनचा आहे. चित्रपट सुरू होऊन अकरा मिनिटं झाली आहेत. पडदा आम्हाला दाखवता येणार नाही, तेवढी परवानगी मिळाली नाही. पण हा हात बघा. नजर पडद्यावर आहे आणि हात मांडीवरच्या वहीत, खाली न बघता, लिहितोय. ओळीवर ओळ चढते, अक्षरं समास ओलांडून जातात. या बाई कित्येक वर्षं चित्रपटांची परीक्षणं लिहीत आल्या आहेत. नाव येऊ द्यायचं नाही, या अटीवर त्यांनी शेजारच्या खुर्चीत कॅमेरा ठेवू दिला.

(प्रेक्षकांचे चेहरे, समोरून. पडद्याचा उजेड बदलत राहतो.)

हे त्याच चित्रपटाचे प्रेक्षक. खेळ दुसरा, प्रेक्षागृह तुडुंब. सगळ्यांना आधी विचारून कॅमेरा पडद्याखाली लावला होता. इथे थोडा वेळ निवेदन थांबवतो.

(वीस सेकंद. फक्त चेहरे.)

कुठला चित्रपट बघायचा हे ठरवताना कोणाचं ऐकायचं? त्या वहीचं की या चेहऱ्यांचं? हल्ली आपल्यातले बरेच जण दोघांचंही ऐकत नाहीत. आपण आकडा बघतो. हा माहितीपट त्या आकड्याच्या विरोधात आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

(ग्राफिक : शंभर राखाडी ठिपके. एकेक ठिपका लाल किंवा हिरवा होत जातो.)

समीक्षकांची परीक्षणं गोळा करून त्यांचा एक आकडा काढणारं रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ १९९८ साली सुरू झालं. हे शंभर ठिपके म्हणजे शंभर परीक्षणं, असं समजा. एखादं परीक्षण दोन हजार शब्दांचं असो की दोनशे, इथे येताना त्याला दोनच रंग मिळतात: अनुकूल किंवा प्रतिकूल. 'पण', 'मात्र', 'तरीही' हे सगळे शब्द वाटेत गळून पडतात. अनुकूल परीक्षणं ६० टक्के किंवा जास्त भरली की चित्रपट 'फ्रेश', त्याखाली 'रॉटन', म्हणजे सडका.

म्हणजे ९० टक्के असं दिसलं की आपल्याला वाटतं, चित्रपटाला शंभरात नव्वद गुण मिळाले. तसं नाही. दहातल्या नऊ जणांना तो निदान बरा वाटला, इतकाच त्याचा अर्थ.

हे दोन चौकोन शेजारी ठेवून बघा. डावीकडे शंभरच्या शंभर समीक्षक म्हणतात, 'ठीक आहे, बघायला हरकत नाही.' आकडा शंभर टक्के. उजवीकडे पंचावन्न जण म्हणतात, 'असं काही आजवर पाहिलं नव्हतं', आणि पंचेचाळीस जण म्हणतात, 'बसवेना'. आकडा पंचावन्न, शिक्का सडक्या टोमॅटोचा. आम्हाला विचाराल तर त्या रात्री आम्ही उजवीकडच्या थिएटरात असू.

प्रेक्षकांचा आकडाही याच चाळणीतून निघतो. पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे दिले की मत अनुकूल. वर एक भर अशी की प्रेक्षक म्हणून मत देणाऱ्यानं चित्रपट पाहिलेला असेलच, याची बरीच वर्षं काही खात्री नव्हती. प्रदर्शनाआधीच चित्रपट पाडायला टोळ्या उतरायला लागल्या, तेव्हा २०१९ साली या संकेतस्थळानं प्रदर्शनापूर्वीच्या प्रतिक्रिया बंद केल्या आणि तिकीट घेतल्याची पडताळणी झालेली मतं वेगळी दाखवायला सुरुवात केली.

(हातात जाड कागदाचं कार्ड. कडेची पट्टी बोटानं दुमडून फाडली जाते.)

हे कार्ड आम्ही चित्रीकरणासाठी छापून घेतलं, पण पद्धत खरी आहे. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही संस्था १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून, प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री, थिएटरच्या दारात प्रेक्षकांच्या हातात असं कार्ड ठेवत आली आहे. चित्रपट कसा वाटला, तुमचं वय काय, स्त्री की पुरुष, कशासाठी आलात. श्रेणी 'ए'पासून 'एफ'पर्यंत. लिहायला काही लागत नाही, योग्य जागी कागद फाडायचा. घरी जायच्या आत, कोणी काही समजावण्याच्या आत. आम्हाला ही पद्धत मनापासून आवडते, कारण इथे निदान माणूस नुकताच चित्रपट बघून बाहेर आलेला असतो.

तरी हे कार्ड नक्की काय मोजतं? २००२ साली 'सोलारिस' या संथ, उदास अवकाशपटाला प्रेक्षकांनी 'एफ' दिली. ही श्रेणी फार क्वचित मिळते. जाहिरात बघून लोक प्रेमकथा बघायच्या तयारीनं आले होते आणि पडद्यावर त्यांना विरह आणि अपराधगंड भेटला. पहिल्या रात्रीचा प्रेक्षक हा जाहिरातीनं खेचून आणलेला प्रेक्षक असतो. आपल्याला दाखवलं काय आणि मिळालं काय, यातलं अंतर तो कार्डावर फाडून देतो. त्या अंतराची नोंद महत्त्वाची आहे. पण तो चित्रपट तुम्हाला आवडेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

(जुन्या चित्रपट-जाहिरातींवरून सरकणारा कॅमेरा. ठळक टायपातली वाक्यं, खाली समीक्षकांची नावं.)

या वाक्यांखाली सही असते. सहीवर आपण विश्वास ठेवतो. २००१ साली उघडकीला आलं की सोनीच्या कोलंबिया पिक्चर्सच्या जाहिरातींत वारंवार झळकणारा डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षक अस्तित्वातच नव्हता. कंपनीच्या जाहिरात विभागानं तो जन्माला घातला होता आणि एका खऱ्या, छोट्या वृत्तपत्राच्या नावावर खपवला होता. 'न्यूजवीक'नं हे छापलं. लगोलग दुसरी गोष्ट बाहेर आली: याच कंपनीच्या दूरचित्रवाणीवरच्या एका जाहिरातीत थिएटरबाहेर चित्रपटाची वाहवा करणारे 'सामान्य प्रेक्षक' कंपनीचेच कर्मचारी होते. समीक्षकही खोटा, प्रेक्षकही खोटा. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००५ साली १५ लाख डॉलरवर मिटलं.

(मासिकांची पानं उलटतात. तारखा : ऑगस्ट १९६७.)

आता ज्या गोष्टीसाठी हा माहितीपट करायला घेतला, ती.

ऑगस्ट १९६७. 'बॉनी अँड क्लाइड' अमेरिकेत प्रदर्शित झाला. दरोडेखोर जोडप्याची कथा, हसता हसता अंगावर येणारी हिंसा. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे चित्रपट-समीक्षक बॉस्ली क्राउदर, १९४०पासून त्या खुर्चीत बसलेले, चित्रपटावर तुटून पडले. एकदा लिहून थांबले नाहीत, पुन्हा पुन्हा लिहिलं. 'न्यूजवीक'चे जो मॉर्गनस्टर्न यांनीही त्याला झोडपलं.

पण मॉर्गनस्टर्न आठवड्याच्या अखेरीस पत्नीला घेऊन पुन्हा तोच चित्रपट बघायला गेले. या वेळी समीक्षकांसाठीच्या खास खेळाला नाही, तर भरलेल्या थिएटरात. लोक हसत होते, अचानक गप्प होत होते, खुर्चीत आक्रसून बसत होते. आपलं काहीतरी चुकलंय हे त्यांना तिथेच जाणवलं. पुढच्या अंकात त्यांनी दुसरं परीक्षण लिहिलं आणि आपलं आधीचं परीक्षण अन्यायकारक होतं, असं स्वतःच्या सहीनं छापलं.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. प्रेक्षकांना आवडला म्हणून त्यांनी मत फिरवलं, असं झालं नाही. थिएटरातल्या माणसांनी त्यांना पडद्यावरचं काहीतरी दाखवून दिलं, जे रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून दिसलं नव्हतं. आणि मग, ते काय होतं, हे शोधून शब्दांत मांडण्याचं काम त्यांनी केलं. ते काम टाळ्या वाजवणाऱ्याला करावं लागत नाही. समीक्षकाला करावं लागतं.

त्याच ऑक्टोबरमध्ये समीक्षक पॉलिन केल यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये याच चित्रपटाच्या बाजूनं प्रदीर्घ निबंध लिहिला. पुढच्या वर्षी चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकनं मिळाली. क्राउदर तोवर त्या खुर्चीत उरले नव्हते.

(क्राउदर यांच्या जुन्या परीक्षणाचं कात्रण. तारीख : १९५८.)

क्राउदर यांना खलनायक करायचं नाही. सेन्सॉरशिपच्या विरोधात ते ठामपणे उभे राहिले होते, परदेशी चित्रपटांना अमेरिकेत प्रेक्षक मिळवून दिले होते. तरी हे कात्रण बघा. १९५८ साली 'पथेर पांचाली' न्यूयॉर्कमध्ये लागला तेव्हा त्यांना तो विस्कळीत आणि संथ वाटला. इतका, की हॉलिवूडच्या संकलकांनी तो कच्चं संकलन म्हणूनही जेमतेम चालवून घेतला असता, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. चित्रपट त्याच शहरात कित्येक महिने चालला. बघून आलेल्या माणसांनी दुसऱ्या माणसांना पाठवलं.

'शोले'चंही तेच. १९७५च्या ऑगस्टमध्ये सुरुवातीची परीक्षणं थंड होती, व्यवसायातली जाणती माणसं चित्रपट पडला असं धरून चालली होती. मग माउथ पब्लिसिटीनं असा जोर धरला की मुंबईच्या 'मिनर्व्हा'त तो पाच वर्षं हलला नाही. फिल्मफेअरचं मात्र एकच पारितोषिक मिळालं, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना.

(ग्रंथालय. मासिकांचे बांधीव खंड, रांगेनं.)

प्रेक्षकांच्या बाजूची उदाहरणं चटकन आठवतात. समीक्षकांचं काम या कपाटात असतं आणि ते हळू चालतं. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' १९५८ साली आला तेव्हा त्याचं संमिश्र स्वागत झालं. समीक्षक त्याच्याकडे परत परत गेले. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. १९६२पासून २००२पर्यंत पहिलं स्थान 'सिटिझन केन'चं होतं. २०१२ साली तिथे 'व्हर्टिगो' पोचला. चौपन्न वर्षं लागली. पहिल्या रात्री फाडलेल्या कार्डाला एवढा धीर नसतो.

(पडदा दोन भागांत. डावीकडे वही, उजवीकडे चेहरे. कोपऱ्यात वेळ : ००:४३:१०.)

पुन्हा आपल्या चित्रपटाकडे. त्रेचाळिसावं मिनिट. दोन वेगळ्या खेळांचं चित्रीकरण आम्ही वेळ जुळवून शेजारी लावलं आहे. उजवीकडे सगळं थिएटर हसतंय. हा मुलगा तर खुर्चीतून पुढे झुकलाय. डावीकडे हात थांबलाय. मग लिहितो. नंतर आम्ही ते पान वाचून घेतलं. तिथे आहे: 'इथे हसायचंय. मी नाही हसले. का?'

आमचा भरवसा त्या 'का'वर आहे. कारण पुढचं अख्खं परीक्षण त्या एका अक्षराचं उत्तर शोधतं. आणि ते उत्तर वाचून तुम्ही ठरवू शकता की आपण या ठिकाणी हसणारे आहोत. त्यांना विनोद क्रूर वाटला असेल, तुम्हाला तसा विनोद चालत असेल, तर त्यांनी नाकारलेला चित्रपट तुमच्यासाठीच आहे. पंचावन्न टक्के या आकड्यातून असं काहीच वाचता येत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: एक समीक्षक धरा. नावानं, सहीनं लिहिणारा. तुम्ही आधीच पाहिलेल्या चार-पाच चित्रपटांवर त्यानं काय लिहिलंय ते वाचा, कारण तिथे तुम्हाला त्याची पारख करता येते. आपलं त्याच्याशी पटायलाच हवं असं नाही. दर वेळी नेमकं उलटं मत असणारा समीक्षकही उत्तम वाटाड्या असतो, फक्त तो कशावर चिडतो हे आपल्याला ठाऊक हवं. शेजारच्या मित्राचं मत आपण असंच तर घेतो. त्याला काय आवडतं आणि कशानं झोप येते, हे वर्षानुवर्षं आपल्याला माहीत असतं. तोही आकडा सांगत नाही, तो प्रसंग सांगतो.

असं सविस्तर लिहायला जागा देणारी वृत्तपत्रं कमी झाली आहेत आणि पगारी समीक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या आहेत.

(रात्र. टेबलावर दिवा. वही उघडी. संगणकावर मजकूर.)

हे त्याच रात्रीचं. पहिलं वाक्य चार वेळा खोडलं. त्रेचाळिसाव्या मिनिटावरचा परिच्छेद वरून खाली आणला, मग पुन्हा वर. शेवटी तारे द्यायचा चौकोन आला. संपादकांना तो भरून हवा असतो. बाई त्या चौकोनासमोर बराच वेळ बसल्या. आम्ही कॅमेरा चालूच ठेवला.

(बोटं टाइप करतात. मग दिवा बंद.)

सकाळी त्यांचा फोन आला. दुसऱ्या खेळाची तिकिटं मिळाली तर त्यांना हव्या होत्या मधल्या रांगेतल्या दोन खुर्च्या.

(तेच थिएटर. माणसं आत शिरत आहेत. वही दिसत नाही.)