आधी उपाली

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्याला आपल्यात घेतलं, असं आपण सहज म्हणतो. म्हणजे काय करतो? सतरंजीच्या टोकाला जागा देतो, एवढंच ना?

विनयपिटक म्हणजे बौद्ध भिक्षुसंघाच्या नियमांचा ग्रंथ, त्यातली एक गोष्ट ऐका. अनुरुद्ध, आनंद, देवदत्त असे सहा शाक्य राजकुमार घर सोडून बुद्धांकडे निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली. वाटेत त्यांनी दागिने उतरवून त्याच्या हवाली केले आणि त्याला परत पाठवलं. थोडं चालल्यावर उपालीच्या मनात आलं, की शाक्य मंडळी तापट, यानंच कुमारांना मारलं म्हणतील. त्यानं गाठोडं झाडाला टांगलं आणि पुन्हा कुमारांकडे आला.

बुद्धांपुढे कुमारच म्हणाले, आम्ही शाक्य फार अभिमानी. यानं आजवर आमची सेवा केली. याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याच्या पाया पडावं लागेल.

सगळी मेख त्या ‘आधी’त आहे. संघात थोरलेपण वयावर किंवा कुळावर नव्हतं, जो आधी आला तो थोरला. त्यामुळे न्हाव्यापुढे राजपुत्र वाकले, आणि रोज वाकत राहिले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या सभेत, विनयाचे नियम सांगायला उभा राहिला तो उपालीच.

अर्थात संघाचं दारही सताड उघडं नव्हतं. दास आणि कर्जदार यांना तसाच प्रवेश नसे. हेही सांगायलाच हवं.

गंमत म्हणजे सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टनं मठासाठी लिहिलेल्या नियमांतही ‘आधी आला तो थोरला’ हेच सापडतं. दिवसाच्या दुसऱ्या तासाला आलेला कितीही मोठा असो, पहिल्या तासाला आलेल्याहून तो धाकटाच. आणि पाहुण्यांत गरीब आणि यात्रेकरूंची सरबराई अधिक करा. श्रीमंताचा मान त्याच्या दराऱ्यामुळे आपोआप राखला जातो! माणसाची केवढी पारख ही.

आपल्याकडे संतमेळ्यानं चोखोबांना उराशी धरलं, पण विठ्ठलाच्या देवळाला ते जमलं नाही. त्यांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. देऊळ दलितांना खुलं व्हायला 1947 साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. आज कुणीही आत जातो. जाताना चोखोबांची समाधी लागते, दाराबाहेरच.

नमस्कार.