‘तिथं गाडी थांबवा’ असं सांगून नापास करताना

नमस्कार श्रोतेहो.

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झालेल्या बहुतेकांना आपलं काय चुकलं ते ठाऊक असतं. चढावर गाडी मागे घसरली, रिव्हर्स घेताना चाक खांबाला लागलं, आरसा न बघताच लेन बदलली. वाईट वाटतं, पण पटतं. आज मला बोलायचंय ते न पटणाऱ्या निकालांबद्दल. परीक्षकांनी सांगितलं तसंच केलं, आणि नेमकं त्यामुळंच नापास झाले, अशा माणसांबद्दल.

मी गाडी शिकवते. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीची टेस्ट शेवटपर्यंत उत्तम चालली होती. परत येताना परीक्षक म्हणाले, “पुढं ती पांढरी गाडी उभी आहे ना, तिच्या मागं थांबवा.” तिनं आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, वेग उतरवला, गाडी कडेला अलगद घेतली आणि हँडब्रेक ओढला. पांढऱ्या गाडीपासूनचं अंतरसुद्धा अगदी बेताचं ठेवलं होतं. फक्त ती पांढरी गाडी झेब्रा क्रॉसिंग संपतं तिथं उभी होती. तिच्या मागं थांबायचं म्हणजे पट्ट्यांवरच थांबायचं. परीक्षकांनी कागदावर खूण केली आणि विचारलं, “मी सांगितलं म्हणून कुठंही थांबणार का तुम्ही?”

नंतर मी ती जागा जाऊन पाहिली. पट्टे पुसट झालेले, पण दिसण्यासारखे होते. तेव्हा गाडी पट्ट्यांवर थांबवणं चूकच, ते मी झाकणार नाही. स्टिअरिंग ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. उद्या शेजारी बसलेले काका म्हणाले, “घाल रे, कोणी बघत नाहीये,” तर नो एंट्रीत गाडी घालायची नसते. परीक्षकांना हेच तपासायचं होतं असं कोणी म्हणेल, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे.

पण काका आणि परीक्षक सारखे नव्हेत. काकांना “नाही” म्हणता येतं. परीक्षकांच्या हातात पेन असतं, समोर कागद असतो आणि त्या कागदावर तुमचं लायसन्स अवलंबून असतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं 1961 साली एक प्रयोग सुरू केला. समोरचा अधिकारी शांतपणे “पुढं चालू ठेवा” म्हणत राहिला, तर साधी माणसं दुसऱ्याला विजेचे झटके कुठवर देतील, हे त्याला पाहायचं होतं. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. पहिल्या गाजलेल्या फेरीत 40 पैकी 26 जण शेवटच्या, 450 व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेले. त्या प्रयोगाच्या नैतिकतेवर खूप टीका झाली, ती योग्यच होती. पण अधिकाराच्या खुर्चीतून आलेला आवाज माणसाच्या विवेकावर किती सहज मात करतो, ते त्यातून दिसलं. विशीतल्या मुलीनं टेस्टच्या दिवशी, पोटात गोळा आलेला असताना, परीक्षकांचा शब्द मोडावा, ही अपेक्षा या पार्श्वभूमीवर तपासून पाहा. अशा सापळ्यात गाडी चालवण्याचं कौशल्य मोजलंच जात नाही. मोठ्या माणसाला नकार देण्याचं धाडस किती आहे, ते मोजलं जातं. ते धाडस कामाचं आहे, जरूर शिकवावं. पण शिकवल्याशिवाय, आणि तेही लायसन्स टांगणीला लावून, तपासू नये.

खरं तर मुद्दाम लावलेले सापळे कमीच असतात. जास्त माणसं अडकतात ती संदिग्ध सूचनेत. “पुढं डावीकडं घ्या.” आता पुढं एक अरुंद बोळ आहे आणि त्याच्या थोडं पुढं मोठा रस्ता. यातलं “पुढं” कुठलं? चालकाच्या डोक्यात हा प्रश्न येतो, नजर बोळाच्या तोंडाशी जाते, पाय ब्रेकवर अर्धवट पडतो, आणि तेवढ्यात डाव्या अंगानं आलेला सायकलवाला आरशात दिसायचा राहतो. कागदावर काय येतं? “आरशाचा वापर अपुरा.” नोंद अगदी खरी असते. पण ही चूक जिच्यामुळं झाली त्या सूचनेला त्या कागदावर रकानाच नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. चालकाची प्रत्येक चूक लिहिली जाते, बोलणाऱ्याची एकही नाही.

हे टाळता येतं. ब्रिटनमध्ये 1 जून 1935 पासून नव्या चालकांसाठी टेस्ट सक्तीची झाली. तिथला परीक्षक आज सुरुवातीलाच ठरलेल्या शब्दांत सांगतो की, वाहतुकीच्या खुणा दुसरीकडं वळायला सांगत नसतील तर सरळ चालत राहा, आणि वळायचं असेल तेव्हा मी वेळेत सांगेन. म्हणजे खुणा माझ्या शब्दाहून वरचढ आहेत, हे परीक्षकच आधी मान्य करतो. 2010 पासून तिथं टेस्टचा काही भाग उमेदवारानं पाट्या पाहून, एकेका वळणाच्या सूचनेशिवाय चालवायचा असतो. डिसेंबर 2017 मध्ये तो भाग साधारण 20 मिनिटांचा केला, आणि बहुतेक टेस्टमध्ये सॅटनॅव्ह, म्हणजे रस्ता सांगणारं यंत्र, आला. त्यात रस्ता चुकला तर गुण जात नाहीत. वळण चुकीचं असेना, ते सुरक्षित घेतलं की झालं. हा नियम मला फार आवडतो. रस्ता चुकणं आणि गाडी वाईट चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात सरळ मानलंय.

आपल्याकडचे 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम काढून पाहा. 15व्या नियमात उमेदवाराला काय काय करता आलं पाहिजे याची लांबलचक यादी आहे. आरसा लावणं, चढावर गाडी मागे न घसरू देता पुन्हा सुरू करणं, सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देणं, इतरांच्या हालचालींचा अंदाज घेणं. यादी चांगली आहे. परीक्षकाच्या मनात काय आहे ते ओळखणं मात्र तिच्यात कुठंही नाही.

सूचना नीट पोचली की नाही, याची काळजी विमानवाहतुकीत किती घेतात ते बघा. 27 मार्च 1977 ला तेनेरीफ बेटावर धावपट्टीवरच दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. दाट धुकं होतं, एकाच वेळी बोलल्यामुळं रेडिओवर आवाज एकमेकांत मिसळले होते. त्याबरोबर आणखी एक कारण होतं: वैमानिक आणि नियंत्रक यांचं दोन अर्थ निघतील असं बोलणं. त्यानंतर रेडिओवरची भाषा आणखी काटेकोर झाली. महत्त्वाची सूचना ऐकली की वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो. तिथं याला कोणी उर्मटपणा समजत नाही. न म्हणणाऱ्यालाच टोकलं जातं.

गाडीतही असंच करा, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. टेस्ट सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या, “सर, सूचना स्पष्ट कळली नाही तर पुन्हा विचारली तर चालेल ना?” नाही म्हणणारे परीक्षक मला अजून भेटलेले नाहीत. मग वाटेत शंका आली की मोठ्यानं बोला. “तो बोळ सोडून मोठ्या रस्त्याला डावीकडं, बरोबर ना?” आणि सूचना नियमाबाहेरची वाटली, तर गप्प राहून पाळू नका आणि गप्प राहून मोडूही नका. सरळ सांगा, “तिथं झेब्रा क्रॉसिंग आहे, मी ते ओलांडून पुढं थांबवते.” हे म्हणताना आवाज कापला तरी बिघडत नाही. वाक्य पूर्ण म्हणा.

हे आयत्या वेळी सुचत नाही, घटवून घ्यावं लागतं. शिकणारा माणूस आठवडेच्या आठवडे शिकवणाऱ्याच्या आवाजावर गाडी चालवत असतो. आम्ही म्हटलं वळ की वळतो, थांब म्हटलं की थांबतो. म्हणून शेवटच्या दिवसांत मी विद्यार्थ्यांना आधी कल्पना देते की, आज मी मधूनच एखादी चुकीची सूचना देणार आहे, ती पकडायची. पहिल्यांदा “इथं यू टर्न घे” म्हटलं की भलेभले मनाई असलेल्या ठिकाणी चाक वळवायला लागतात. दोन-तीन वेळा झालं की मात्र मान हलते आणि उत्तर येतं, “इथं चालत नाही, पुढं घेते.” शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, हा सराव घ्याच.

आणि इतकं करूनही कुणी अशा सूचनेपायी नापास झालं, तर रडत घरी जायच्या आधी परीक्षकांना शांतपणे विचारा की नेमकी चूक कुठली धरली, आणि तो मुद्दा लिहून मागा. परीक्षकांचे शब्द, जागा, तिथली पाटी किंवा पट्टे, सगळं त्याच दिवशी कागदावर उतरवा. कारण दुसऱ्या दिवशी आठवणीत आपलं स्पष्टीकरण मिसळायला लागतं. ब्रिटनमध्ये टेस्ट नियमाप्रमाणं झाली नाही असं वाटलं तर न्यायालयात जाता येतं. तिथंही न्यायालय नापासाचा पास करत नाही. टेस्ट नीट घेतली नाही असं ठरलं, तर पुन्हा टेस्ट घ्यायला सांगतं आणि फी परत देववू शकतं. आपल्याकडं सात दिवसांनी पुन्हा टेस्टला बसता येतं. पण लेखी तक्रार केली नाही, तर पुढच्या उमेदवारालाही त्याच पांढऱ्या गाडीमागं थांबायला सांगितलं जाईल. तेव्हा परत टेस्टला बसायचं असलं, तरी तक्रारीचा अर्ज त्याआधी देऊन या.

नमस्कार.